इंदिरासागरवर पाऊस सरता-सरता मासा सापडतच नाही? आधी पाणी तपासा

दर वर्षी गणपती उठले की आपल्या इंदूरच्या गळवाल्या मंडळींत तेच रडगाणं सुरू होतं. मे महिन्यात नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणावर एका टेकाडाखाली बसून रोहू काढले होते, आता त्याच जागी अख्खा दिवस घालवला आणि फ्लोट हललासुद्धा नाही. मग कोणी म्हणतं जाळीवाल्यांनी सगळा मासा उपसला, कोणी म्हणतं गेट उघडले तेव्हा वाहून गेला, आणि कोणी आमिषालाच दोष देऊन सत्तू आणि खलीचं (तेलबियांच्या पेंडीचं) प्रमाण बदलत बसतं. थोडंथोडं खरं असेलही, पण बहुतेक वेळा भानगड आमिषाची नसतेच. मे मधलं धरण आणि सप्टेंबरमधलं धरण ही दोन वेगळी धरणं आहेत आणि आपण जुन्या धरणाच्या आठवणीवर नव्या धरणात गळ टाकतोय.

आकडेच बघा ना. इंदिरासागरची पूर्ण भरल्यावरची पातळी 262.13 मीटर आणि सगळ्यात खालची ठरवलेली पातळी 243.23 मीटर, म्हणजे जवळजवळ 19 मीटरचा खेळ. पूर्ण भरलं की पाणी 913 चौरस किलोमीटरवर पसरतं. उन्हाळ्यात तुम्ही ज्या काठावर चटई टाकून बसला होता ती जागा आता दहा-बारा मीटर पाण्याखाली असू शकते, आणि आत्ता जिथे बूट काढून बसलाय तिथे जूनमध्ये गुरं चरत होती. उन्हाळ्यात मासा नाइलाजाने उरलेल्या खोल पाण्यात गोळा झालेला असतो म्हणून सोपा वाटतो. आता त्याला फिरायला कुरणं, शेतं, ओढे, जुने रस्ते सगळं मोकळं झालंय, तो कशाला तुमच्या टेकाडाखाली थांबेल.

यात आपली आणखी एक घरगुती अडचण आहे. मासेमारीवरची बंदी 16 जून ते 15 ऑगस्ट, ती उठते तेव्हा बऱ्याचदा घरात श्रावण चालू असतो, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. आईसमोर रॉड काढायची हिंमत होते ती अनंत चतुर्दशीच्या झाक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून झाल्यावर नाहीतर थेट दसऱ्यानंतर, आणि ते काही आठवडे म्हणजे धरण सगळ्यात भराभर बदलत असण्याचा काळ. एका रविवारी जिथे मिळालं तिथे पुढच्या रविवारी मिळेलच असं या दिवसांत धरूच नका.

जायच्या आधी घरी बसून करायचं काम

कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा आणि त्यात जुनी चित्रं बघायची जी सोय आहे ती वापरून मे-जूनची चित्रं काढा, ज्या वर्षी पाणी जास्त उतरलं असेल ते वर्ष शोधा. आज जे निळं सपाट दिसतंय त्याच्या खालची सगळी जमीन तुम्हाला उघडी दिसेल. ओढ्याची वळणं, बांध, गाडरस्ता, विहीर, गावाची पडकी जोती. हरसूदसारखं अख्खं शहर 2004 मध्ये या बुडिताखातर रिकामं झालं, लहान गावं तर कितीतरी, त्यामुळे तळ काही सपाट ताट नाही. मला कामाच्या वाटतात त्या जागा म्हणजे जुन्या ओढ्याचं पात्र जिथे बुडालेल्या शेताला घासून जातं तो काठ, आणि रस्त्याचा भराव जिथे ओढा ओलांडतो ती जागा. दोन-तीन अशा जागांच्या पिन मोबाइलवर ठेवा. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा मासा दाखवणारं मशीन, असेल तर उत्तम, नसला तरी या पिनांवर निम्मं काम होतं, खरं सांगायचं तर फिश फाइंडर घेऊन धरणभर भटकणाऱ्यापेक्षा नकाशा बघून आलेला माणूस मला जास्त हुशार वाटतो.

दुसरं, धरणाची पातळी. पावसाळ्यात ती बातम्यांत येतच असते. आकड्यापेक्षा ती चढतेय, थांबलीय की उतरतेय हे बघा. चढत असेल तर मासा पाण्याच्या नव्या कडेकडे सरकतो, कारण नुकतंच बुडालेलं गवत म्हणजे गांडुळं, नाकतोडे, मुंग्या, किडे सगळं आयतं. थांबली की काही दिवस तिथेच रेंगाळतो. आणि उतरायला लागली, वीज बनवायला पाणी सोडायला लागले की मोठा मासा आधी कडेचं उथळ पाणी सोडतो आणि जिथे पहिला उतार लागतो तिथे जाऊन थांबतो, पिल्लं मात्र गवतातच राहतात. म्हणून काठावर पिल्लांची झुंबड दिसली म्हणजे मोठेही इथेच असतील असं नाही, थोडं आत, उताराच्या तोंडाशी टाकून बघा.

आता लक्षणाप्रमाणे.

पाणी चहासारखं गढूळ असेल तर

दोरीला पांढरी बशी बांधून पाण्यात सोडा आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघा. वीतभर खालीच गायब झाली तर त्या खाडीत (धरणाचं पाणी काठात आत घुसतं तिथे) कटला-रोहूसाठी वेळ घालवू नका, आपला तरी हाच हिशोब आहे. हातभर-दीड हात दिसत असेल तर थांबा. पण गढूळ पाण्यावरून पळून जाऊ नका, गढूळ आणि स्वच्छ जिथे भेटतात ती रेघ शोधा, लांबून उंचावरून बघितलं तर चक्क दिसते. छोटी तवा, माचक या नद्या किंवा नुसता मोठा ओढासुद्धा जिथे धरणात शिरतो तिथे पुराचं पाणी बहुतेक थोडं गार आणि गाळामुळे जड असतं, ते वर पसरण्याऐवजी जुन्या पात्रातून तळाशी घुसतं, त्यामुळे वरचं पाणी कधी कधी आधी निवळतं आणि खाली अजून चिखल चाललेला असतो. वर स्वच्छ दिसतंय म्हणून शिसं (गळाचं वजन) तळाला सोडून मृगळची वाट बघत बसाल तर आमिष चिखलात बसेल, त्यापेक्षा फ्लोट लावून मधल्या पाण्यात टाका.

ही नदी-नाल्यांची तोंडं या काळात सोन्याची आहेत आणि त्याला कारण आहे. रोहू, कटला, मृगळ थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, पावसाळ्यात पूर आला की वाहत्या पाण्याकडे वर चढतात आणि ओढा ओसरला की परत धरणात उतरतात. परतणारा मासा भुकेला असतो आणि त्याचा रस्ता ठरलेला असतो. संध्याकाळी याच तोंडांवर पढीन, म्हणजे आपला शिवडा, आणि सिंघाड हे शिकारी मासे येतात कारण परतणारी पिल्लं तिथून जातात. त्यांच्यासाठी जाड तंगूस (गळाचा दोरा) आणि वायरचा तुकडा लावा, शिवड्याचे दात साधं तंगूस ठेवत नाहीत.

पाणी छान हिरवट, बशी नीट दिसते, तरी तळाला काहीच नाही

हे सगळ्यात जास्त लोकांना चकवतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेकडो एकर गवत, झुडपं, पालापाचोळा पाण्याखाली गेला की तो कुजतो आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. त्यात पाऊस थांबला, ढग गेले, ऑक्टोबरची ती चावरी ऊन पडायला लागली आणि वारा पडला की वरचं पाणी गरम होऊन हलकं होतं, खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. वरच्याला हवा मिळते, खालच्याला मिळत नाही. खोल आणि वाऱ्याच्या आडोशाच्या खाड्यांमध्ये हे जास्त होतं, उघड्यावर वारा पाणी घुसळत असतो तिथे कमी. अशा खाडीत पंधरा मीटरवर ठेवलेलं आमिष कितीही भारी असो, खाणारा तिथे उतरतच नाही.

कळणार कसं? एक म्हणजे शिसं वर ओढल्यावर त्याला लागलेला चिखल बघा. काळा असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर संपला विषय, उठा. दुसरी पद्धत थोडी खटपटीची आहे पण पक्की. सगळीकडून भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली घ्या, त्यात एक-दोन जिवंत चिलवे (बोटभर चंदेरी मासे) टाका, खाली वजन बांधून हव्या त्या खोलीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि वर काढा. चिलवे टुणटुणीत असतील तर त्या खोलीवर मासा राहू शकतो. पोट वर करून आले तर आणखी तीन-चार मीटर वर घेऊन पुन्हा करून बघा. जिथे चिलवे जिवंत राहायला लागतात त्याच्या थोडं वर आमिष ठेवायचं, आणि ही खोली जिथे उतारावर टेकते ती जागा सगळ्यात भारी, कारण तळावर चरणाऱ्या माशाला खाली जाता येत नाही आणि तळ तर हवाच असतो, मग तो त्याच पट्ट्यात अडकतो. मृगळ, कालबासू इथेच. फिश फाइंडर असणाऱ्यांना स्क्रीनवर कधी कधी मध्येच एक धूसर आडवी रेघ दिसते, बऱ्याचदा तीच ही हद्द असते, मशीन बिघडलं म्हणून ठोकत बसू नका.

एक उपप्रकार पण आहे. ऑक्टोबरच्या शेवटाकडे रात्री गार पडायला लागतात, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसायला लागतं, वर-खालचं सगळं मिसळतं. ते चालू असताना दोन-चार दिवस मासा अगदी विस्कटलेला असतो, कुठेही असू शकतो. अशा वेळी मी तर हट्ट न करता धरणाच्या काठावरच्या हनुवंतियाला भजी खाऊन परत येतो. मिसळून झालं की मात्र तळ पुन्हा उघडतो आणि मृगळ खोल पाण्यातसुद्धा सापडायला लागतो.

मासा वर उड्या मारतोय, बुडबुडे येतायत, पण आमिषाला तोंड लावत नाही

तो कटला असायची शक्यता मोठी. कटल्याचं तोंडच वर वळलेलं असतं, तो पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खातो, तळाला पडलेला तुमचा कणकेचा गोळा त्याच्या कामाचाच नाही. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला, हे तिघं एकाच खाडीत असूनही तीन मजल्यांवर राहतात. मग फ्लोटखाली एक-दीड मीटरवर गळ ठेवा आणि आमिष असं करा की जे पाण्यात हळूहळू विरघळून धुरळा करेल, भाजलेल्या चण्याचं पीठ, बारीक खली, थोडा भाताचा कोंडा, अगदी सैल मळलेलं. घट्ट मळलं की धुरळा होत नाही. ते बारीक जीव संध्याकाळी वर येतात आणि दिवस चढला की खाली उतरतात, कटला त्यांच्या मागे. म्हणून सकाळी आठपर्यंत वर, नंतर दोन मीटर, तीन मीटर असं फ्लोट सरकवत जा. दुपारी एक वाजता एक मीटरवर टाकून झोपणाऱ्याला मी काय सांगू.

आणि वारा. सप्टेंबरमध्ये वारा अजून बहुतेक पश्चिमेकडून असतो, तो वरचं पाणी आणि त्यातलं खाणं पूर्वेच्या काठाला लोटत राहतो. लाटा आपटत असलेल्या काठावर बसायला आपल्याला जिवावर येतं, सगळे शांत बाजूला सावलीत डबा उघडून बसतात आणि मासा समोरच्या काठाला. दोन दिवस सलग एकाच दिशेने वारा असेल तर नक्की लाटांच्या बाजूला जा. मान्सून मागे फिरला की वारा मंद होतो, दिशा बदलते, मग हा नियम सैल करा.

आमिष लगेच साफ होतंय, हाती काहीच लागत नाही

चिलवे आणि पुंटी. या दिवसांत पिल्लांचा सुळसुळाट असतो, त्यात तिलापियाही आता जिथे तिथे. गांडूळ लावणं बंद करा, आख्खा उकडलेला मका किंवा चणा लावा, गळ मोठा घ्या, नाहीतर जागा दहा-वीस मीटर आत सरकवा. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं यात काही नाही.

नदी-सुरय पक्ष्यांचा थवा कुठे एकाच जागी पाण्यावर सूर मारतोय का ते बघत राहा, पाणकावळे कुठे डुबक्या मारतायत ते पण बघा. सुरय वरवरच्या चिलव्यांवर पडतो आणि चिलवे वर उसळलेत म्हणजे बरेचदा खालून कोणीतरी मोठा हाकलतोय. पाणकावळा नुसता खुंटावर पंख वाळवत बसला असेल तर त्याचा काही अर्थ नाही, तो दुपारी तेच करतो.

काहीच लक्षण नाही, सगळंच सपाट

मग जाळीवाल्यांकडे जा. 16 ऑगस्टपासून ते रोज पाण्यात असतात आणि आपण महिन्यातून एखाद्या रविवारी, त्यामुळे अक्कल कोणाची वापरायची ते उघड आहे. फक्त "मासा कुठे आहे भिया" असं विचारू नका, तो हात लांबवून अख्खं धरण दाखवेल. विचारायचं असं की जाळं वर तरंगतं लावताय की तळाला, काठापासून किती हात, आणि काल कुठल्या जातीचा जास्त आला. आठवड्यापूर्वी तळाला लावत होते आणि आता वर लावतायत, एवढ्यावरून मघाशी सांगितलेली ऑक्सिजनची गोष्ट आपोआप कळते, बाटली बुडवायचीही गरज नाही. मासे उतरवून तोलतात तिथे सकाळी गेलात तर साफ करणाऱ्याला पोट उघडताना दाखवायला सांगा. आत हिरवा-तपकिरी लगदा असेल तर तो मासा वरच्या-मधल्या पाण्यात खात होता, चिखल आणि कुजका पाला असेल तर तळाला, गवताच्या काड्या आणि किडे असतील तर बुडालेल्या कडेला. आमिषाच्या सगळ्या चर्चांपेक्षा हे पाच मिनिटांचं बघणं जास्त सांगून जातं. त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकू नका, तंगूस अडकलं की त्यांचं नुकसान होतं आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

परवानगीचं पण बघून घ्या. अशा मोठ्या धरणांवरचा मासा मध्यप्रदेश मत्स्य महासंघाकडे असतो, पाणी मोकळं दिसतं म्हणजे कोणीही गळ टाकावा असं नाही, आधी विचारून कागद करून घ्यावा. आणि वाहत्या, खडकाळ तोंडाशी मोठ्या खवल्यांचा महाशीर लागला, नर्मदाकाठचे लोक त्याला बाडस म्हणतात, तर हात ओले करून पाण्यातच गळ काढा आणि सोडा. तो आपला राज्य मासा आहे आणि नर्मदेत धरणांमुळे त्याचं वाहतं पाणीच कमी झालंय.

सुरक्षेचं बोलणं कोणाला आवडत नाही पण बोलतो. बुडालेल्या गवतात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळ टाकायची काही जणांना हौस असते, नर्मदेत मगरी आहेत आणि जुन्या विहिरीही त्याच गवताखाली आहेत. होडीत लाइफ जॅकेट घालाच, रुंद पाण्यावर वारा उठला की लाटा बघता बघता वाढतात आणि पाण्याखालचे सागवानाचे बुंधे दिसत नाहीत. धरणाच्या खालच्या बाजूला, पुनासाच्या पुढे नदीत बसणाऱ्यांनी तर भोंगा वाजला की सामान सोडून वर यायचं. एप्रिल 2005 मध्ये धाराजीच्या घाटावर अचानक आलेल्या पाण्याने यात्रेतली कितीतरी माणसं गेली, तेव्हा तर पावसाळाही नव्हता.

या वेळी जाणाऱ्यांसाठी माझा क्रम असा राहील: पहाटे अंधारात निघा, वाटेतला नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल चालू आहे का ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा, कारण नर्मदेला पूर असला की तो बंद करतात. पोचल्यावर रॉड जोडायच्या आधी बशी बुडवा, शिशाचा चिखल हुंगा, वारा कुठून आहे बघा. पहिले दोन तास वरच्या पाण्यात कटल्यावर, मग उतारावर रोहू-मृगळसाठी, आणि एका जागी तासाभरात काहीच झालं नाही तर आमिष न बदलता आधी खोली बदला, मग जागा, आमिष सगळ्यात शेवटी. संध्याकाळी थांबणार असाल तर ओढ्याच्या तोंडावर सिंघाडसाठी एक जाड रॉड लावून ठेवा, आणि तो रॉड दगडाला बांधा, सिंघाड पळवून नेतो.